चाळण आपली, अटीही आपल्याच

जानेवारी २०२४मधली गोष्ट. दुपारची मागची आवराआवर करून मी जरा टेकतेय, तोच कराडहून मोठ्या जाऊबाईंचा फोन आला. आवाज खाली, पण उत्साह उतू जात होता.

"अगं, कुणाला बोलू नकोस. यांच्या मित्राने एक शेअर सांगितलाय. तीन महिन्यांत दुप्पट झालाय आणि अजून दुप्पट होणार म्हणतात. मी एफडी मोडतेय. दोन लाख घालायचे ठरवलेत. तुम्हीही घाला, म्हणून फोन केला."

ती एफडी कुठली, ते मला ठाऊक होतं. पुतणीच्या लग्नासाठी वहिनींनी शिवणकामाच्या पैशातून वर्षानुवर्षं बाजूला टाकलेली. चार लाखांतली दोन लाख म्हणजे अर्धं लग्नच की!

मी म्हटलं, "वहिनी, एक दिवस थांबा. मला कंपनीचं नाव सांगा. उद्या याच वेळेला मी फोन करते."

"तू काय करणार एका दिवसात?"

"चाळून बघते," मी म्हटलं.

वहिनी हसल्या. त्यांना वाटलं, मी गंमत करतेय. पण मैत्रिणींनो, मी खरंच चाळूनच बघणार होते. ही चाळण कुठली, ती माझ्या हाती कशी आली आणि त्यासाठी आमच्या घराने काय मोजलं, ते सांगायला आजचा हा लेख.

ऐंशी हजारांची शिकवणी

आम्ही खांदेश्वरला राहतो. हार्बर लाइनवर पनवेलच्या अलीकडचं स्टेशन. तळं, तळ्याकाठचं महादेवाचं देऊळ, सिडकोच्या काळातल्या इमारती आणि आता डोक्यावरून जाणारी विमानं, असं आमचं गाव. आमचे हे तळोज्याच्या एका कारखान्यात होते. २०२०च्या लॉकडाऊननंतर त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. हातात थोडे पैसे आले आणि भरपूर वेळ आला. वेळ आणि पैसा एकदम आले की घरात सल्लागार पण येतात!

२०२१ साली बाजार जोरात होता. यांच्या जुन्या सहकाऱ्यांचा मोबाइलवर एक ग्रुप होता. त्यात रोज सकाळी एखाद्या शेअरचं नाव यायचं. यांनी एका छोट्या कंपनीचे शेअर घेतले, ८० हजारांचे. मला सांगितलं ते घेतल्यावर. पहिल्या महिन्यात ते लाखाच्या वर गेले. घरी आंब्याची पेटी आली. मग एक दिवस तो शेअर पाच टक्क्यांनी पडला. दुसऱ्या दिवशी परत पाच. तिसऱ्या दिवशी परत. हे रोज सकाळी विकायला बसायचे, पण घेणारंच कुणी नसायचं. याला 'लोअर सर्किट' म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. एका दिवसात शेअर किती पडू शकतो याला मर्यादा असते. त्या मर्यादेला तो पोचला आणि घेणारा कुणी नसला, की तुमचे पैसे दिसतात, पण हाती येत नाहीत. शेवटी विकले गेले तेव्हा १३ हजार आले.

भांडण नाही झालं. झालं असतं तर बरं. हे गप्प झाले. सकाळी तळ्याभोवती फेरी मारायला जायचे, ते दोन दोन तास परत यायचे नाहीत. मला पैशाचं वाईट वाटलंच, पण जास्त वाईट वाटलं ते एका गोष्टीचं. वर्षानुवर्षं मी भाजीवालीकडून पावशेर भेंडी घेताना एकेक भेंडी मोडून बघितली होती. आणि घरातले ८० हजार बाहेर गेले, तेव्हा ती कंपनी काय बनवते, एवढंसुद्धा मी विचारलं नव्हतं. "त्यातलं मला काय कळतंय," हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं होतं, की ते खरंच झालं होतं.

भाचीने चाळण दिली

माझी भाची कामोठ्याला राहते. सीए करतेय. रविवारी जेवायला आली होती, तेव्हा मी तिला म्हटलं, "मला शेअरबाजार शिकव."

ती म्हणाली, "मावशी, बाजार नको शिकूस. आधी निवडायला शीक. तांदूळ निवडतेस ना, तसं."

तिने लॅपटॉप उघडला. मुंबई शेअर बाजारात पाच हजारांहून अधिक कंपन्यांची नोंद आहे. एवढ्या कंपन्यांचे ताळेबंद कोण वाचणार? म्हणून स्क्रीनर नावाची सोय असते. स्क्रीनर म्हणजे चक्क चाळण. आपण अटी घालायच्या, की त्या अटींत बसणाऱ्या कंपन्या तेवढ्या वर राहतात, बाकीच्या खाली पडतात. भाचीने मला दाखवलं ते 'स्क्रीनर.इन'. अशा सोयी इतरही आहेत. बऱ्याच ब्रोकरांच्या अ‍ॅपमध्येही असतात. सुरुवात करायला फुकटचं खातं पुरतं.

त्यात एक कोरा चौकोन असतो. तिथे आपली अट लिहायची. भाचीने नमुन्याला तिथेच सुचवलेली अट दाखवली. कंपनीची बाजारातली एकूण किंमत ५०० कोटींपेक्षा जास्त, आणि पी-ई १५ पेक्षा कमी, आणि आरओसीई २२ टक्क्यांपेक्षा जास्त. या तीन अटी मधे 'आणि' घालून जोडायच्या, बटण दाबायचं. पाच हजारांतून काही मोजक्या कंपन्या समोर आल्या.

मी म्हटलं, "हे पी-ई आणि आरओसीई म्हणजे काय ते मला माणसाच्या भाषेत सांग."

ती माणसाच्या भाषेत सांगू शकली नाही. तिला ते पुस्तकातून आलेलं! मग मीच आमच्या बिल्डिंगमधल्या पोळीभाजी केंद्राचं गणित मांडलं.

पोळीभाजी केंद्राचा ताळेबंद

समजा, एका बाईने पोळीभाजी केंद्र काढलं. स्वत:चे ६० हजार घातले, बचत गटाकडून ४० हजार कर्ज घेतलं. एकूण एक लाख धंद्यात अडकले. वर्षाकाठी कणीक, तेल, गॅस, भाडं, हाताखालच्या बाईचा पगार, सगळं वजा जाता आणि तिची स्वत:ची मजुरीही धरून (ती धरायलाच हवी, आपण धरत नाही!) २० हजार उरले. एक लाखावर २० हजार, म्हणजे २० टक्के. हाच आरओसीई. धंद्यात घातलेल्या सगळ्या पैशांवर, मग ते आपले असोत की कर्जाचे, व्याज आणि कर देण्याआधी धंदा किती कमावतो, ते हा आकडा सांगतो. बँकेचं व्याज १२ टक्के आणि धंद्याची कमाई ८ टक्के असेल, तर तो धंदा बाई बँकेसाठीच चालवतेय.

कर्ज ४० हजार, स्वत:चे ६० हजार. ४० भागिले ६०, म्हणजे ०.६७. हे कर्जाचं स्वत:च्या पैशाशी प्रमाण. एकच्या वर गेलं, की स्वत:पेक्षा उसनं जास्त.

आता व्याजाचे पाचेक हजार देऊन १५ हजार निव्वळ उरले. कुणीतरी आलं आणि म्हणालं, "हे केंद्र मी तीन लाखांना घेतो." तीन लाख भागिले १५ हजार म्हणजे २०. वर्षाच्या नफ्याच्या २० पट किंमत. हाच पी-ई. नफा असाच राहिला तर घातलेले पैसे सुटायला २० वर्षं.

एवढं कळलं आणि माझी भीती निम्मी पळाली. पुढचे काही दिवस दुपारी हे झोपले, की मी लॅपटॉप घेऊन बसायची.

पहिला खडा

मला वाटलं, स्वस्तात स्वस्त ते घ्यावं. मी अट घातली, पी-ई ५ पेक्षा कमी. एवढीच. धडाधड नावं आली. त्यातली एक कंपनी पी-ई ४ला! मी हरखून गेले. भाचीला फोन केला. ती म्हणाली, "मावशी, नफ्यात 'इतर उत्पन्न' किती आहे ते बघ."

बघितलं. आकडे सोपे करून सांगते. कंपनीची बाजारातली किंमत २४० कोटी, वर्षाचा नफा ६० कोटी. २४० भागिले ६०, पी-ई चार. पण त्या ६० कोटींतले ५२ कोटी जमीन विकून आलेले! धंद्याचा खरा नफा आठ कोटी. २४० भागिले आठ म्हणजे ३०. जमीन काही दरवर्षी विकता येत नाही. घरातलं सोनं मोडलं त्या वर्षी उत्पन्न जास्त दिसलं, म्हणून कुणी त्या घरात मुलगी देतं का?

त्या दिवशी कळलं की चाळण चुकत नाही, पण विचाराल तेवढंच सांगते. रव्याच्या चाळणीतून मैदा चाळला तर सगळाच खाली जाणार. दोष मैद्याचा नाही आणि चाळणीचाही नाही.

मग मी वहीत माझ्या अटी लिहिल्या. खोडल्या, परत लिहिल्या. शेवटी टिकल्या त्या अशा.

कंपनीची बाजारातली किंमत ५०० कोटींपेक्षा जास्त. कारण फार छोट्या कंपन्यांचे भाव चार माणसं मिळून वरखाली करू शकतात. आमचे ८० हजार तसेच गेले.

आरओसीई १५ टक्क्यांपेक्षा जास्त.

कर्जाचं प्रमाण ०.५ पेक्षा कमी.

गेल्या पाच वर्षांत विक्री दरसाल सरासरी १० टक्क्यांनी तरी वाढलेली.

पाच वर्षांत धंद्यातून प्रत्यक्ष हातात आलेली रोकड शून्याच्या वर. नफा वहीत लिहिता येतो. उधारीवर माल दिला तरी विक्री दिसते. रोकड मात्र आली की नाही, हे कळतंच.

मालकांचा म्हणजे प्रवर्तकांचा हिस्सा ५० टक्क्यांपेक्षा जास्त, आणि त्यांनी गहाण ठेवलेले शेअर शून्य. घरधन्यानेच घर गहाण टाकलेलं असेल, तर आपण तिथे भाडेकरू तरी का व्हावं?

शेवटी, पी-ई २५ पेक्षा कमी.

या काही वेदवाक्य अटी नव्हेत. बेंजामिन ग्रॅहम नावाच्या अमेरिकन गुरुजींचं 'द इंटेलिजंट इन्व्हेस्टर' हे पुस्तक १९४९ साली आलं. त्यांनी सावध गुंतवणूकदारासाठी अशाच अटी घातल्या होत्या, आणि त्या माझ्यापेक्षा कडक होत्या. पी-ई १५च्या आत, आणि २० वर्षं खंड न पडता लाभांश दिलेला हवा! तेव्हा कॉम्प्युटर नव्हते, एकेका कंपनीचे कागद हाताने चाळावे लागत. आपल्याला तेच काम मिनिटात होतं, एवढाच फरक.

आणखी एक गोष्ट ठोकर खाऊन कळली. माझ्या चाळणीतून सगळ्या बँका खाली पडत. मला वाटलं, बँका वाईटच! भाची हसली. बँकेचा धंदाच मुळी लोकांच्या ठेवी घेऊन कर्ज देण्याचा. ठेवी म्हणजे बँकेच्या डोक्यावरचं देणंच. तिला कर्जाची अट लावून कसं चालेल? बँका आणि फायनान्स कंपन्यांना वेगळी चाळण लागते, तिथे थकीत कर्जं किती ते बघावं लागतं.

चाळण जपून ठेवायची

आता मुद्द्याची गोष्ट. या अटी दरवेळी परत लिहायच्या नसतात. 'सेव्ह' करून, तिला नाव देऊन ठेवता येतं. मी माझ्या पहिल्या चाळणीचं नाव ठेवलं 'घरची'. बँकांसाठी दुसरी, तिचं नाव 'पेढी'. तिसरी नुसत्या लाभांशाची, तिचं नाव 'पेन्शन'.

मला आधी वाटायचं, सेव्ह केलं म्हणजे कंपन्यांची यादी सेव्ह झाली. तसं नाही. सेव्ह होतात त्या अटी. पुढच्या वेळी उघडलं, की नव्या आकड्यांवर त्याच अटी लागतात आणि यादी बदललेली दिसते. फायदा आहे तो यातच. कोण नवीन आलं हे दिसतं, आणि कोण गळलं हेही कळतं.

मी रोज उघडत नाही. रोज उघडून काही बदलत नाही, फक्त जीव खालीवर होतो. कंपन्यांना तिमाही संपल्यावर ४५ दिवसांत निकाल द्यावे लागतात, आणि मार्चअखेरचे वर्षाचे निकाल ६० दिवसांत. भागधारकांचा तपशील तर तिमाही संपल्यावर २१ दिवसांत येतो. म्हणजे वर्षातून चार वेळा ताजा माल येतो. मी ते आपल्या सणांना बांधून ठेवलंय. वटपौर्णिमेच्या सुमाराला मार्चचे निकाल, श्रावणात जूनचे, दिवाळी आटपली की सप्टेंबरचे आणि महाशिवरात्रीच्या आसपास डिसेंबरचे. आमच्या देवळात महाशिवरात्रीची तयारी सुरू झाली, की मला आपोआप 'घरची' आठवते!

प्रत्येक वेळी आलेली यादी तारीख घालून वहीत लिहिते. मागच्या यादीशी ताडून बघते. एकदा एक चांगली म्हणून माझ्या डोळ्यांत भरलेली कंपनी अचानक यादीत नव्हती. का, म्हणून उघडून बघितलं, तर प्रवर्तकांनी शेअर गहाण ठेवलेले. विक्री तीच, नफा तोच, भाव तर वाढलेला. चाळण नसती तर मला भाव तेवढा दिसला असता.

मिसळणाचा डबा

दुसरी सोय आहे ती रकान्यांची. चाळण चालवली की कंपन्यांचा तक्ता येतो. त्यात तयार रकाने असतात. भाव, पी-ई, बाजारातली किंमत, लाभांश, तिमाहीचा नफा, त्यातली वाढ, तिमाहीची विक्री वगैरे. हे रकाने आपल्याला बदलता येतात. नको ते काढायचे, हवे ते घालायचे. एका कंपनीचं पान उघडलं, तर तिथेही वरच्या चौकटीत आपल्याला हवे ते आकडे घालता येतात.

हे मी बरेच दिवस केलंच नव्हतं. दिलंय ते बरंय की, असं वाटायचं. पण एक लक्षात आलं. जे डोळ्यांपुढे असतं, त्यावरच मन बसतं. तिमाही नफ्यात वाढ ४०० टक्के असं दिसलं की मला बाकीचं दिसेनासंच व्हायचं. आता बघा, एप्रिल ते जून २०२० लॉकडाऊनमुळे कितीतरी कारखाने बंद होते, नफा तळाला गेला होता. त्याच्याशी २०२१चा तोच काळ ताडला, तर वाढ प्रचंडच दिसणार! आजारपणात वजन घटलं आणि नंतर भरून आलं, तर त्याला काही कुणी बाळसं म्हणत नाही.

मग मी रकान्यांचा मिसळणाचा डबाच लावला. डब्यात सात वाट्या. रोज लागतं ते समोर, बाकीचं वरच्या फळीवर. माझ्या सात वाट्या अशा. कर्जाचं प्रमाण, धंद्यातून आलेली रोकड, इतर उत्पन्न, प्रवर्तकांचा हिस्सा, गहाण शेअर, पाच वर्षांची विक्रीवाढ आणि आरओसीई. पी-ई आणि भाव शेवटी. मुद्दाम. किंमत शेवटी विचारायची, आधी माल बघायचा. आपण साडी घेताना करतो तसंच. आधी पोत, मग काठ, मग किंमत. किंमत आधी ऐकली, की पोत बघायची बुद्धी जाते.

यांनी एक दिवस मागे उभं राहून बघितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपला तो शेअर यात घाल."

घातला. पाच वर्षांत रोकड उणे. प्रवर्तकांचा हिस्सा दर तिमाहीला उतरत गेलेला. इतर उत्पन्न नफ्याहून जास्त. सगळं तिथेच होतं, आम्ही घेतला त्याच्याही आधीपासून.

हे म्हणाले, "एवढं सोपं होतं?"

मी म्हटलं, "सोपं होतं, पण आपण विचारलंच नव्हतं." 'तुम्ही' न म्हणता 'आपण' म्हटलं. त्या दिवसापासून वही दोघांची झाली.

कराडचा फोन

तर त्या दिवशी वहिनींनी सांगितलेली कंपनी मी माझ्या सात वाट्यांत घातली. वर्षाची विक्री तीन कोटी. बाजारातली किंमत ९०० कोटी! पोळीभाजी केंद्राच्या भाषेत, वर्षाला तीन हजारांच्या पोळ्या विकणाऱ्या केंद्राला कुणीतरी नऊ लाख मोजतंय. पाचही वर्षं रोकड उणे. आणि प्रवर्तकांचा हिस्सा एका वर्षात ६१ टक्क्यांवरून ३४ टक्क्यांवर. म्हणजे ज्यांची कंपनी, ते विकत होते, आणि आपल्याला घ्या म्हणून सांगितलं जात होतं.

मी दुसऱ्या दिवशी फोन करून सगळं वाचून दाखवलं. पलीकडे शांतता.

"पण भाव तर रोज चढतोय गं," वहिनी म्हणाल्या.

"चढेलही अजून. ते मला सांगता यायचं नाही, वहिनी. पण लग्नाचे पैसे आहेत."

एफडी मोडली नाही त्यांनी. पण रागावल्या. शेअर पुढचे दोन आठवडे चढतच राहिला. एकदा फोन आला तो टोमण्याचाच. "तुझ्या चाळणीपायी लाखभर गेले बघ आमचे." मी काय बोलणार? त्या रात्री मला झोप नाही. आपण चुकलो असू तर, असं वाटत राहिलं. पैशाच्या बाबतीत कुणाला नको म्हणणं, हे हो म्हणण्याइतकंच जोखमीचं असतं, हे तेव्हा कळलं.

मार्चमध्ये तो शेअर पडायला लागला. रोज पाच टक्के, आमच्यासारखाच. वहिनींचा फोन आला नाही. मीही केला नाही. ज्या मित्राने सांगितलं होतं, त्याचेच चार लाख अडकले, हे नंतर दादांकडून कळलं. त्यात आनंद मानण्यासारखं काही नव्हतं.

मे महिन्यात वहिनी खांदेश्वरला आल्या. आंब्याच्या फोडी केल्या, इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग पिशवीतून शंभर पानी वही काढली आणि म्हणाल्या, "ते पोळीभाजी केंद्राचं परत सांग. पहिल्यापासून."

चाळणीत न दिसणारं

मैत्रिणींनो, हे वाचून कुणी म्हणेल, चला, चाळण मिळाली, आता पैसेच पैसे. तसं अजिबात नाही. चाळण कंपनीने दिलेल्या आकड्यांवर चालते. आकडेच खोटे असतील तर चाळण काय करणार? ७ जानेवारी २००९ला सत्यमच्या रामलिंग राजूंनी स्वत:च कबूल केलं, की ताळेबंदात दाखवलेली ५,०४० कोटींची रोकड आणि बँकेतली शिल्लक अस्तित्वातच नव्हती. तोवर ती कंपनी भल्याभल्यांच्या चाळणीवर टिकून होती. म्हणून चाळणीतून आलेली कंपनी म्हणजे घ्यायची कंपनी नव्हे. ती वाचायची कंपनी. तिचा वार्षिक अहवाल बघायचा, ऑडिटरने काय शेरा मारलाय तो बघायचा, ती काय बनवते आणि ते लोक का घेतात, हे आपल्याला दोन वाक्यांत सांगता येतं का ते बघायचं.

आणि सगळे पैसे इथे घालायचेच नाहीत. आमच्या घरात पोस्ट, पीपीएफ आणि बँकेतल्या ठेवी हाच मोठा हिस्सा आहे. ठेवी एकाच ठिकाणी नाहीत, कारण आमच्या पनवेलच्याच कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना ऑगस्ट २०२१मध्ये रिझर्व्ह बँकेने रद्द केला, हे आम्ही जवळून पाहिलंय. एका बँकेत एका खातेदाराला पाच लाखांपर्यंतच विम्याचं संरक्षण असतं, हे प्रत्येकीला पाठ हवं. शेअरमध्ये घालतो ते पाच-सात वर्षं लागणार नाहीत असे थोडे. लग्नाचे, फीचे, दवाखान्याचे नाहीत.

फ्युचर्स-ऑप्शन्सच्या वाटेला तर जाऊच नका. सेबीने सप्टेंबर २०२४मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत तिथे व्यवहार करणाऱ्या व्यक्तिगत गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटींहून अधिक. घरातलं तरुण पोरगं मोबाइलवर हे करत असेल, तर हा आकडा त्याच्या ताटाशेजारी लिहून ठेवा.

सुरुवात करायची असेल तर

पैसे न घालता सहा महिने नुसती चाळण चालवा. दोन तिमाही निकाल बघून होतील.

अटी आधी वहीत, मराठीत लिहा. प्रत्येक अटीपुढे 'का' ते एका ओळीत लिहा. लिहिता आलं नाही, तर ती अट काढून टाका.

एकदम दहा अटी नकोत. चारपाचांनी सुरू करा. फार बारीक चाळणीतून काहीच पडत नाही, मग आपण चिडून सगळ्याच अटी सैल करतो.

चाळण सेव्ह करा, तिला स्वत:ला कळेल असं नाव द्या. दर तिमाहीला यादी तारखेसह लिहा, आणि कोण गळलं ते आधी बघा.

रकाने बदला. तिमाहीची वाढ मागे ढकला. कर्ज, रोकड, प्रवर्तकांचा हिस्सा, गहाण हे पुढे आणा.

कुणी टीप दिली, तर तिला नाही म्हणू नका. "उद्या सांगते" म्हणा, आणि ती आपल्या रकान्यांत घालून बघा.

'हमखास दुप्पट' असं म्हणणारा माणूस, मग तो कितीही जवळचा असो, तिथेच थांबवा. सल्ल्याचे पैसे घेणाऱ्याची सेबीकडे नोंदणी आहे का, ते सेबीच्या संकेतस्थळावर बघता येतं. तक्रार असेल तर सेबीच्या 'स्कोअर्स'वर घरबसल्या करता येते.

पुतणीचं लग्न २०२५च्या फेब्रुवारीत झालं. एफडीच्या पैशातच झालं. कराडच्या मांडवात वहिनींनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, रुखवताचं काही राहिलं असेल. त्यांनी मोबाइल काढून दाखवला. त्यात त्यांनी स्वत: केलेली चाळण होती, सेव्ह केलेली. अटी पाचच. नाव दिलं होतं 'शिवणाचे पैसे'.

"पैसे अजून नाही घातले हं," त्या म्हणाल्या. "तिसरी तिमाही बघतेय."

मी म्हटलं, "बघा, वहिनी. घाई कुणालाय?"